सालाझारचे दोस्त आणि सांगलीचा कैदी

(19 डिसेंबर, गोवा मुक्तिदिनानिमित्त जाहीर पत्रक)



कुरुंदवाडहून गोव्याला जाताना आंबोलीचा घाट उतरून, सावंतवाडी-बांदा मागे टाकून आपण पत्रादेवीला पोचतो. तिथे हुतात्मा स्मारक आहे. गाडीतली मंडळी तोवर म्हापशाला जेवायचं की पणजीला, या वादात पडलेली असतात. आज मुक्तिदिन आहे, तेव्हा त्या नाक्यावर काय घडलं आणि ते घडल्यावर जगातल्या थोर थोर लोकशाह्यांनी काय केलं, एवढं वाचा. वाचून झालं की पत्रक शेजारच्या घरात द्या.

15 ऑगस्ट 1955. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले सत्याग्रही हातात तिरंगा घेऊन गोव्याची हद्द ओलांडत होते. कुणाकडे साधी काठीही नव्हती. पोर्तुगीज पोलिसांनी गोळ्या झाडल्या. मध्य प्रदेशच्या सहोद्राबाई राय गोळी लागून कोसळल्या, पंजाबचा कर्नैलसिंग जागीच गेला. वेगवेगळ्या सीमांवर मिळून त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसं मारली गेली.

साडेतीन महिन्यांनी, 2 डिसेंबर 1955 ला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री जॉन फॉस्टर डलेस यांनी पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री पाउलो कुन्हा यांच्यासोबत वॉशिंग्टनमध्ये एक संयुक्त निवेदन काढलं. त्यात गोळीबाराचा निषेध असेल असं कुणाला वाटेल. निषेध होता तो रशियन पुढाऱ्यांच्या भाषणांचा! ख्रुश्चेव आणि बुल्गानिन तेव्हा भारतात आले होते आणि गोवा भारताचा आहे असं बोलत होते, त्याचा डलेससाहेबांना राग. गोव्याचा उल्लेख त्यांनी पोर्तुगालचा प्रांत असा केला. चार दिवसांनी वार्ताहरांनी खोदून विचारलं, तेव्हाही साहेब मागे हटले नाहीत: सारं जग तसंच मानतं, चारशे वर्षं तसंच चाललंय, असा त्यांचा सूर. आणखी आठ दिवसांनी, 14 डिसेंबरला, पोर्तुगालला संयुक्त राष्ट्रांचं सभासदत्व मिळालं. सोळा देशांना एकदम आत घेण्याचा तो सौदा होता आणि त्याला रशियानेही मान डोलावली, हेही जाता जाता लक्षात ठेवा.

ज्याच्याशी हा दोस्ताना चालला होता तो अंतोनियो सालाझार म्हणजे अर्थशास्त्राचा प्राध्यापक. शांत, काटकसरी, छातीवर बिल्ले न लावणारा. 1932 साली पंतप्रधान झाला आणि 1968 पर्यंत खुर्चीवरून उठला नाही. देशात पक्ष एकच. पिडे नावाचे गुप्त पोलीस. राजकीय कैद्यांसाठी केप व्हर्देच्या बेटावर ताराफालची छावणी. हा सगळा कारभार जगाला ठाऊक असताना 4 एप्रिल 1949 ला ‘नाटो’ची स्थापना झाली, तेव्हा पहिल्या बारा सह्यांमध्ये पोर्तुगालची सही होती. त्या कराराच्या पहिल्याच परिच्छेदात लोकशाही, व्यक्तिस्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य यांच्या रक्षणाची शपथ आहे. ती शपथ घेताना शेजारी सालाझारचा माणूस बसला आहे, याची कुणाला लाज वाटली नाही.

गोव्यात व्यक्तिस्वातंत्र्य कसं होतं? लग्नपत्रिका छापायची तरी मजकूर आधी सेन्सॉरकडे न्यावा लागे. मुलाचं नाव, मुलीचं नाव, मुहूर्त, स्थळ, आणि त्यावर सरकारी मंजुरी. आमच्यासारख्यांनी असलं पत्रक काढलं असतं तर छापणारा आणि वाटणारा दोघेही आत गेले असते.

म्हापशाचे शल्यविशारद डॉ. पुंडलिक गायतोंडे यांची गोष्ट ऐका. फेब्रुवारी 1954 मध्ये एका मेजवानीत एक वक्ता म्हणाला की, गोवा म्हणजे पोर्तुगालच. डॉक्टरांनी बसल्या जागेवरून एवढंच म्हटलं, की माझा याला विरोध आहे. बस्स. पोलीस आले, अटक झाली, आणि डॉक्टरांची रवानगी थेट लिस्बनला. त्यांच्या पत्नी एदिला या जन्माने पोर्तुगीज, अझोर्स बेटांवरच्या. या बेटांचं नाव ध्यानात असू द्या, कारण या दोस्तीचं मूळ त्याच बेटांवर आहे.

अटलांटिक महासागराच्या मधोमध असलेल्या अझोर्सवर लाजेस नावाचा विमानतळ आहे. अमेरिकेहून युरोपकडे निघालेल्या लष्करी विमानांना तिथे उतरून तेल भरता येई. दुसऱ्या महायुद्धात आधी इंग्रजांनी 1373 सालचा तह उकरून काढून तो वापरायला घेतला, पाठोपाठ अमेरिकन आले, आणि 1951 साली अमेरिकेने रीतसर संरक्षण करार केला. सालाझारने हे ओळखलं होतं की धावपट्टी आपल्या ताब्यात आहे तोवर तुरुंगात कोण आहे हे कुणी विचारणार नाही. एखाद्या गावगुंडाची विहीर वाटेवर असावी आणि येणाऱ्या-जाणाऱ्याने तिथेच पाणी प्यावं, मग त्याच्या घरातला आरडाओरडा कुणाला ऐकू येतो?

आता आपल्या माणसाकडे येऊ. मोहन रानडे. मूळ नाव मनोहर आपटे, जन्म सांगलीचा. आपल्यापासून हाकेच्या अंतरावरचा मुलगा. शिक्षक म्हणून गोव्यात गेला आणि आझाद गोमंतक दलात शिरला. तो सत्याग्रही नव्हता. त्याने हत्यार उचललं, पोलीस चौक्यांवर हल्ले केले, आणि ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडला गेला. यावर कुणी म्हणेल, बंदूक घेतली तर शिक्षा होणारच. मग नानासाहेब गोरे यांनी काय घेतलं होतं? मे 1955 मध्ये सेनापती बापटांसोबत पहिली मोठी तुकडी घेऊन ते निःशस्त्र गेले. मारहाण झाली ती झालीच, वर दहा वर्षांची सजा. मधू लिमये यांना बारा वर्षं. ही मंडळी 1957 च्या सुरुवातीला सुटली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ लिस्बनला पाहुण्या म्हणून गेल्या आणि मोठ्या थाटात त्यांचं स्वागत झालं. मे 1960 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवरही जाऊन आले.

रानडे यांना सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियसच्या किल्ल्यात डांबलं. त्यातली कित्येक वर्षं एकांतकोठडीची. आणि ऐका, 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तरी रानडे सुटले नाहीत. ज्या भूमीसाठी शिक्षा भोगायची ती भूमी स्वतंत्र झाली, तिथे निवडणुका झाल्या, सरकार आलं, आणि हा माणूस आणखी सात वर्षं परक्या देशात गजाआड. ‘नाटो’तल्या एकाही लोकशाहीने आपल्या या जिवलग मित्राला इतकंही जोर लावून सांगितल्याचं ऐकिवात नाही की, बाबा, आता भांडण संपलं, कैदी सोड. सुटकेसाठी धडपड केली ती आपल्या लोकांनी. कोल्हापुरात जन्मलेले सुधीर फडके गाणी बाजूला ठेवून त्या खटपटीत उतरले. मद्रासचे (आजच्या तमिळनाडूचे) मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी व्हॅटिकनला जाऊन पोप पॉल सहावे यांच्याकडे शब्द टाकला. जानेवारी 1969 मध्ये रानडे बाहेर आले. सालाझार तोवर आजारपणाने खुर्चीवरून गेला होता. म्हणजे द्रविड चळवळीतला एक नेता ख्रिस्ती धर्मगुरूला भेटतो आणि सांगलीचा एक ब्राह्मण सुटतो. इतकं झालं, पण वॉशिंग्टन आणि लंडनला तोंड उघडवेना.

तोंड उघडलं ते वेगळ्या वेळी. भारतीय सैन्य गोव्यात शिरलं त्याच 18 डिसेंबर 1961 ला सुरक्षा परिषद तातडीने बसली. अमेरिकेचे प्रतिनिधी अडलाई स्टीव्हन्सन यांनी भारतावर आगपाखड केली, संयुक्त राष्ट्रांचा शेवट जवळ आल्याची भाषा केली. भारताने गोळीबार थांबवून माघार घ्यावी असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने आणला. सात मतं बाजूने, चार विरोधात, आणि रशियाच्या नकाराधिकाराने तो पडला. पत्रादेवीला माणसं मेली तेव्हा ही परिषद कुठे होती?

असं म्हणतात की राज्यकर्त्यांना व्यवहार बघावा लागतो. व्यवहारच बघू. मार्च 1961 मध्ये पोर्तुगालच्या ताब्यातल्या अंगोलात उठाव झाला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी नवे होते, उमेद होती, त्यांच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांत पोर्तुगालविरुद्ध मत दिलं. जगभर वाहवा झाली. पण अझोर्सच्या तळाचा करार 1962 अखेर संपत होता. सालाझारने घाई केली नाही, नूतनीकरण लांबवत ठेवलं, आणि बघता बघता अमेरिकेचा आवाज बसला. इकडे ‘नाटो’च्या नावाने मिळालेली अमेरिकन विमानं अंगोलातल्या खेड्यांवर बाँब टाकत होती. या व्यवहारात नोकर कोण आणि मालक कोण, तुम्हीच सांगा. अखेर 25 एप्रिल 1974 ला पोर्तुगालच्या स्वतःच्याच सैनिकांनी ती राजवट उलथवली. नव्या सरकारने वर्ष संपायच्या आत, 31 डिसेंबरला, भारताशी करार करून गोव्यावरचं आपलं सार्वभौमत्व संपल्याचं मान्य केलं. चारशे वर्षांच्या प्रांताचा प्रश्न आठ महिन्यांत निकालात निघाला.

कुरुंदवाडला हे नवं वाटायचं कारण नाही. थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन संस्थानं इथली. राजा बरा की वाईट, हे प्रजेने ठरवायचं नव्हतं. ते ठरवायचा अधिकार कोल्हापुरात बसलेल्या इंग्रज रेसिडेंटचा. साऱ्या हिंदुस्थानात इंग्रजांनी संस्थानिकांशी मैत्रीचे तह केले आणि त्या तहांच्या आड प्रजेला कसं वागवलं जातं याकडे सोयीने पाठ फिरवली. 8 मार्च 1948 ला दक्षिणेतली संस्थानं विलीन झाली तेव्हा कुठे आपल्या आजोबा-पणजोबांना मतदार म्हणून किंमत आली.

ज्यांना वाटतं हा सगळा जुना इतिहास आहे, त्यांनी सौदी अरबस्तानकडे पाहावं. 2 ऑक्टोबर 2018 ला पत्रकार जमाल खशोगी आपल्याच देशाच्या इस्तंबूलमधल्या वाणिज्य वकिलातीत कागदपत्रं आणायला गेला, तो परत आला नाही. त्याला आतच मारलं. या कारवाईला युवराज मोहम्मद बिन सलमान यांची मंजुरी होती, हा निष्कर्ष अमेरिकेच्या स्वतःच्या गुप्तचर खात्याचा, 2021 साली जाहीर झालेला. अध्यक्षपदाच्या निवडणुकीत जो बायडेन सौदी राजवटीला वाळीत टाकू म्हणाले होते. जुलै 2022 मध्ये तेच जेद्दाला गेले आणि युवराजांच्या मुठीला मूठ भिडवून आले. त्याच महिन्यात फ्रान्सच्या अध्यक्षांनी पॅरिसमध्ये युवराजांना जेवू घातलं. तेव्हा धावपट्टी होती, आता तेल आहे.

पण गोऱ्यांना शिव्या घालून आपण मोकळे होणार असू तर हे पत्रक रद्दीत घाला. आपली पाटीही कोरी नाही. 1956 मध्ये रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. गोव्यावर आपली बाजू घेणाऱ्या मित्राचं मन कसं दुखवायचं? हंगेरीत देखरेखीखाली मुक्त निवडणुका घ्याव्यात अशा ठरावाविरुद्ध नेहरूंच्या सरकारने मत दिलं, तेही पत्रादेवीला वर्ष-सव्वा वर्षच झालेलं असताना. आणि 27 मार्च 2021 ला, म्यानमारच्या लष्कराने निवडून आलेलं सरकार उलथवल्याला दोन महिने होत आले असताना, राजधानी नेपिडोच्या लष्करी संचलनाला भारताचा लष्करी प्रतिनिधी हजर होता. त्याच दिवशी म्यानमारमध्ये सैन्याने शंभरहून अधिक माणसं मारली. मणिपूर-नागालँडची सीमा, बंडखोरांच्या छावण्या, चीनचा धोका, ही सगळी कारणं दिल्लीकडे तयार आहेत. डलेसकडेही होती.

इथे एक आक्षेप प्रामाणिक आहे. आपल्या भागातली पोरं आखाती देशांत कामाला आहेत, तेल तिकडूनच येतं, मग भांडण कशाला काढायचं? काढू नका. दूतावास ठेवा, माल विका, तेल घ्या. हुकूमशहाशी बोलणं आणि त्याच्या गळ्यात पडणं यात फरक करता येतो, आणि तो करायला काही खर्चही येत नाही. संचलनाला न जाणं फुकट आहे. आपला माणूस तुरुंगात असेल तर भेटीत त्याचं नाव घेणं फुकट आहे. जिथे गोळीबार झाला तिथे झाला असं म्हणणंही फुकटच. डलेसना गोवा भारताला द्या असं कुणी म्हणत नव्हतं. गप्प बसले असते तरी चाललं असतं.

आपला शिरोळ तालुका हातकणंगले लोकसभा मतदारसंघात येतो. खासदार मतं मागायला येतात तेव्हा आपण ऊसदर विचारतो, पुराची भरपाई विचारतो, आणि ते विचारलंच पाहिजे. पुढच्या खेपेला आणखी दोन प्रश्न घाला. नेपिडोच्या संचलनाला भारताचा माणूस कुणाच्या हुकमाने गेला? आणि परदेशच्या तुरुंगात राजकीय कारणाने अडकलेल्या भारतीयांची यादी परराष्ट्र खात्याकडे आहे का, असेल तर त्यातल्या किती जणांचं नाव पंतप्रधानांच्या भेटीगाठींत निघालं? उत्तर तोंडी घेऊ नका, लेखी मागा. आलं तर तेही आम्ही छापून घरोघर वाटू.

आपले,
कुरुंदवाड-शिरोळ परिसरातील काही नागरिक