रक्त कमी, उपदेश फार

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका आरोग्य शिबिरात मी बायांची नावं लिहून घेत होते. बोटाला सुई, कागदावर आकडा. नऊ, साडेआठ, दहा. बाराच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. बारा गाठणाऱ्या मोजक्याच निघाल्या. मग भाषण झालं. पालेभाज्या खा, मोड आलेली कडधान्यं खा, गूळ-शेंगदाणे खा. शेवटी नेहमीचं, "तुम्ही बाया स्वतःकडे लक्षच देत नाही." पुढे बसलेली एक मावशी शेजारणीला म्हणाली, "भाजी मीच करते की. माझ्यापर्यंत येईस्तोवर पातेल्यात नुसतं पाणी उरतं."

भाषण करणाऱ्यांना ते ऐकू गेलं नाही. गेलं असतं तरी त्यांच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

सल्ला चुकीचा नाही. लिंबू-आवळ्याने भाजीतलं लोह अंगी लागतं, जेवणासोबतचा चहा ते अडवतो, हे खरंच आहे. पण बाई चहा का पिते? भूक मरते म्हणून. सकाळी घोटभर चहावर ती कामाला जाते आणि दुपारी शिळी चपाती चहातच बुडवून खाते, कारण कालवण संपलेलं असतं. याला आहाराची निवड म्हणायचं?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. आपल्या महाराष्ट्रात ५४ टक्के बाया. पाळी आणि बाळंतपणात बाईचं रक्त जातं, म्हणून हा फरक नैसर्गिक, असं सांगतात. बरं, मग तिचा वाटा मोठा हवा ना! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह सांगितलं आणि बाईला २९. घरात वाढप होतं ते नेमकं उलटं. मटणाच्या फोडी आधी त्याच्या ताटात, अंडं मुलाला, तिला रस्सा. वर सोमवार, चतुर्थी, एकादशी. साबुदाण्यात पिठूळपणाशिवाय फारसं काही नसतं, पण उपास कुणाच्या आयुष्यासाठी धरायचे हे ठरलेलंच आहे.

लोहाच्या गोळ्या सरकार १९७० पासून वाटतंय. त्या घ्याव्यातच. पण कुणाला मळमळतं, कुणाचा कोठा बांधतो. ज्या बाईला अंधार पडल्यावरच बाहेर जाता येतं ती तिसऱ्या दिवशी गोळ्या फळीवर ठेवून देते. मग शेरा पडतो, 'अडाणी'.

आणि मैत्रिणींनो, आपलं काय? मारहाणीवर आपण मोर्चे काढले, मजुरीसाठी धरणी धरली. ताटाचा प्रश्न मात्र 'घरातला' म्हणून सोडून दिला. आपल्याच शिबिरांत पुरुष कार्यकर्ते आधी जेवतात आणि आपण पदर खोचून वाढत असतो. मीही वाढलंय.

पुढच्या शिबिरात मी नावाशेजारी एक रकाना आखणार आहे: घरात कितव्या पंगतीला जेवता? आणि भाषणाला नवऱ्यांना, सासवांना बसवायचं. संयोजकांना विचारलं, तर म्हणाले, "ताई, त्याने वाद होतील."