‘बांगड्या भरल्यात का रे?’

कबड्डीत चढाईला गेलेला मुलगा निदान रेषा न ओलांडता परतला, की कडेने आवाज येतो, ‘बांगड्या भरल्यात का रे?’ झेल सुटला की ‘बायल्या’. आणि ज्या ‘छक्का’ शब्दावर सीमारेषेपलीकडे गेलेल्या चेंडूसाठी टाळ्या पडतात, तोच शब्द एखाद्या मुलाच्या अंगावर फेकला, की सगळी टीम हसते. हे ऐकत महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या मैदानावर वाढल्या. बहुतेकदा शब्द मित्रांचा असतो. पण पुष्कळदा तो पहिल्यांदा येतो पीटीच्या सरांच्या तोंडून, आणि सर बोलतात म्हणजे बोलायला हरकत नाही, हे मुले त्याच क्षणी शिकतात.

‘पोरांची चेष्टा आहे, मनावर काय घ्यायचे?’ असे म्हणणाऱ्यांनी युनेस्कोने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेला तमिळनाडूचा अभ्यास वाचावा. त्यात समलिंगी आणि पारलिंगी तरुणांना शाळेतल्या दिवसांविषयी विचारले होते. माध्यमिक शाळेत शारीरिक छळ सोसल्याचे 60 टक्क्यांनी सांगितले. सुमारे एक तृतीयांश तरुणांची शाळा सुटण्यामागे हा छळ होता. शाळेकडे तक्रार केली होती फक्त 18 टक्क्यांनी.

का केली नसेल? ज्याच्याकडे तक्रार करायची, तोच शिट्टी घेऊन मैदानात उभा असतो.

प्रशिक्षकाच्या वागण्याने काय होते, हे इंग्लिश फुटबॉलने पाहिले आहे. जस्टिन फाशानू हा दहा लाख पौंडांना करारबद्ध झालेला पहिला कृष्णवर्णीय ब्रिटिश फुटबॉलपटू. 1981 मध्ये तो नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबात आला. तो समलिंगींच्या क्लबांत जातो हे कानावर आल्यावर व्यवस्थापक ब्रायन क्लफ यांनी त्याला अपमानित केले आणि संघासोबत सराव करायला बंदी घातली. 1990 मध्ये फाशानूने आपण समलिंगी असल्याचे जाहीर केले. 1998 मध्ये त्याने जीवन संपवले. फाशानूनंतर ब्रिटनच्या पुरुष व्यावसायिक फुटबॉलमध्ये खेळत असताना आपण समलिंगी असल्याचे उघडपणे सांगणारा पुढचा खेळाडू मिळायला मे 2022 उजाडले. तो होता ब्लॅकपूलचा 17 वर्षांचा जेक डॅनियल्स. आई आणि बहिणीला सांगितल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने ॲक्रिंग्टनविरुद्ध चार गोल केले. मनावरचे ओझे उतरले की पाय कसे पळतात, याचा याहून बोलका पुरावा कोणत्या प्रशिक्षकाला हवा?

आपल्याकडेही उदाहरण आहे. ओडिशाच्या धावपटू द्युती चंदने मे 2019 मध्ये आपले एका तरुणीशी नाते असल्याचे सांगितले, तेव्हा घरातूनच विरोध झाला. दोन महिन्यांनी नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत तिने 100 मीटरचे सुवर्ण जिंकले, वेळ 11.32 सेकंद. द्युतीमागे तेव्हा आशियाई पदके होती, नाव होते. आठवीतल्या मुलामागे काय असते?

त्याच्यामागे कायदा आहे, पण तो शाळांनी वाचायला हवा. शिक्षणहक्क कायद्याचे कलम 17 मुलांना शारीरिक शिक्षा करायला आणि त्यांचा मानसिक छळ करायलाही मनाई करते. ‘बायल्या’ म्हणून अख्ख्या वर्गासमोर हिणवणे हा मानसिक छळ नाही, असे कोणी छातीवर हात ठेवून सांगावे. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने 2016 मध्ये रॅगिंगच्या व्याख्येत लैंगिक कलावरून होणारा छळ स्पष्ट शब्दांत घातला. शालेय क्रीडा स्पर्धांच्या नियमांतही असेच स्पष्ट वाक्य हवे, आणि ते मोडणाऱ्या प्रशिक्षकाला पंचाने सामन्यातून बाहेर काढता यायला हवे. शिवी देणाऱ्या मुलाला समज द्यावी. शिवी देणाऱ्या सरांना मात्र मैदान बंद करावे. दोघांना एकच माप लावणे अन्यायाचे ठरेल, कारण मुलगा शिकतो आहे आणि सर शिकवत आहेत.

महाराष्ट्राला यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. 2022 च्या शासन निर्णयानुसार शाळांत विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. तक्रारपेटीही हवी. पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेबरोबर एवढे विचारा : ती पेटी कुठे आहे, ती कोण उघडते, आणि मैदानावरच्या शिवीची चिठ्ठी तिच्यात पडली, तर ती पीटीच्या सरांच्याच हाती जाणार नाही ना?