मोडलेले हाड कुजते कोणामुळे?

1865 च्या ऑगस्टमध्ये ग्लासगो शहरात अकरा वर्षांच्या एका मुलाच्या पायावरून गाडीचे चाक गेले. हाड मोडले, जखम उघडी पडली. अशा जखमेत पू होणार आणि बहुधा पाय कापावा लागणार, अशी तेव्हाची रीत होती. जोसेफ लिस्टर या शल्यविशारदाने कार्बोलिक आम्लात भिजवलेली पट्टी बांधली. सहा आठवड्यांत हाड पू न होता सांधले. या घटनेला दीडशेहून अधिक वर्षे लोटली. तरीही सेनगाव वा कळमनुरीच्या तांड्यावरील मूल बैलगाडीखाली सापडले, तर हाडात पू होण्याचे भय आजही का उरावे?

यावर शहाण्यांचे उत्तर ठरलेले आहे : आईबाप अडाणी, ते हाडवैद्याकडे जातात. हाडवैद्याची बाजू घेण्याचे कारण नाही. घट्ट आवळलेल्या कामट्यांनी रक्तप्रवाह तुटतो, उघड्या जखमेवरील लेपाने जंतूंचेच फावते. परंतु तो गावात असतो, रात्रीही भेटतो आणि देऊ ते घेतो. शासनाच्या किती दवाखान्यांविषयी असे म्हणता येईल?

पहिल्या काही तासांत काय हवे? प्रतिजैविकाचे इंजेक्शन, धनुर्वाताची लस, भरपूर स्वच्छ पाण्याने जखम धुणे, निर्जंतुक पट्टी आणि आधाराची फळी. यांपैकी एकाही गोष्टीला तज्ज्ञ लागत नाही. मृत मांस काढून हाड स्थिर करण्यास मात्र शल्यविशारदच हवा, आणि तोही वेळेत. हे चुकले की जंतू हाडात घर करतात, हाडाचा तुकडा मरतो, महिनोन्‌महिने पू वाहतो. हाडाच्या टोकाची वाढीची चकती नासली तर मूल वाढते, पाय आखूडच राहतो. इंजेक्शनपुरता खर्च वाचवून आपण एका मजुराच्या मुलाला जन्माचे अपंगत्व देतो !

हिंगोली जिल्हा 1999 साली झाला. वैद्यकीय महाविद्यालय उजाडण्यास 2024 चा ऑक्टोबर लागला. आरोग्यावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च 2025 पर्यंत करू, असे 2017 च्या राष्ट्रीय धोरणाने म्हटले होते. ते साल सरले, शब्द पाळला गेला नाही. सरकारी रुग्णालयांत मोफत उपचार 15 ऑगस्ट 2023 पासून जाहीर झाले, विमायोजनाही आहेत. विमा शस्त्रक्रियेचे बिल भरतो, वाया गेलेली रात्र भरून देत नाही. (बिल मोठे झाले की खाजगी रुग्णालयाचे भलेच होते, ही गोष्ट वेगळी.)

कार्यकर्त्यांनी आपापल्या ग्रामीण रुग्णालयात रात्री दहानंतर जावे. हे इंजेक्शन कपाटात आहे काय, कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, अस्थिशल्यविशारद किती तासांत मिळेल, हे लेखी विचारावे आणि उत्तर फलकावर लावावयास भाग पाडावे.