मेंदूच्या खोलीत कोण बसलंय?

‘माणूस : एक औद्योगिक प्रासाद’ हे चित्र डिझाइन किंवा कला-इतिहासाच्या वर्गात तुम्ही कधीतरी स्लाइडवर पाहिलं असेल. कल्पना बर्लिनचा डॉक्टर फ्रिट्झ कान याची (आडनाव आहे, अवयव नव्हे), ते काढलं फ्रिट्झ श्युलर या चित्रकाराने, साल 1926. माणसाचं शरीर उभं कापून आत अख्खा कारखाना दाखवलाय. डोळ्याच्या जागी कॅमेरा, श्वासाला नळ्या, अन्न पुढे नेणारे सरकते पट्टे. यावर वर्गात दोन गोष्टी ऐकू येतात. एक म्हणजे, विज्ञान किती सोपं करून सांगितलंय! दुसरी जरा उसासा टाकून : यंत्रयुगाने माणसाचा सुटा भाग करून टाकला.

माझं भांडण या उसाशाशी आहे.

चित्र नीट बघा. या कारखान्यात छोटी छोटी माणसं आहेत. वर, मेंदूच्या खोल्यांत, कोट घातलेली मंडळी टेबलाभोवती बसून विचारविनिमय करतायत. खाली पोटात कामगार राबतायत. कान जर्मन कारखान्याची उतरंड रंगवत होता, त्याच्या मनात जात असण्याचं कारण नाही. पण आपल्याला ही मांडणी ओळखीची वाटते, कारण ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या पुरुषसूक्तातही शरीराचे असेच मजले पाडलेत : मुखातून ब्राह्मण, बाहूंतून क्षत्रिय, मांड्यांतून वैश्य आणि पायांतून शूद्र. फरक एवढाच की कानच्या चित्राला पायच नाहीत, ते धडाशी संपतं. आणि सूक्तात अतिशूद्राला पायाचीसुद्धा जागा नाही.

एक कडवट गोष्ट सांगायला हवी. कान ज्यू होता. नाझींनी त्याची पुस्तकं जाळली, त्याला देश सोडावा लागला. शरीराची उतरंड इतकी ‘नैसर्गिक’ दिसते की जो उद्या स्वतःच बाहेर फेकला जाणार आहे, तोही ती सहज काढून जातो.

आता तो उसासा. यंत्राने माणूस गिळला हे दुःख त्यांचं आहे, ज्यांच्या वाट्याला यंत्र आलं. आपल्या वस्त्यांत यंत्र न येताच माणसाचं यंत्र झालं : डोक्यावरची पाटी, हातातला खराटा, गटारात उतरणारं उघडं अंग. बाबासाहेबांनी 1936 साली मांडलं की जात ही कामाची वाटणी नाही, काम करणाऱ्यांची वाटणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. 1945 साली गांधीवादावर लिहिताना त्यांनी यंत्राची बाजू घेतली. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि यंत्राच्या नावावर खपवलेले दोष चुकीच्या समाजरचनेचे आहेत, असं त्यांचं म्हणणं. यंत्राविरुद्ध उसासे टाकणाऱ्या पुरोगामी प्राध्यापकांनी हे वाचलेलं असतं. वर्गात मात्र काढत नाहीत.

2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवायला बंदी घातली. 2018 साली केरळात मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव कामाला लागला. तरी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गटारातल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाखांवर न्यावी लागली. म्हणजे तंत्र होतं, कायदा होता, आणि माणसं मरतच होती. का? ठेकेदाराला यंत्रापेक्षा माणूस स्वस्त पडतो, आणि तो कोणत्या वस्तीत मिळेल हे त्याला विचारावं लागत नाही. ही स्वस्ताई बाजाराने ठरवलेली नाही. ती जन्माने ठरलेली आहे.

म्हणून यंत्र आणि माणूस एकत्र काढलेलं कुठलंही चित्र समोर आलं, की ‘माणुसकी हरवली’ या चर्चेत माना डोलवू नका. हात वर करा आणि विचारा, मेंदूतल्या त्या टेबलाभोवती बसलेल्यांची आडनावं आपल्याकडे काय असती? हशा पिकेल. पिकू द्या. मग सरांना आधी विभागातल्या प्राध्यापकांची यादी वाचायला सांगा, आणि त्यानंतर त्याच इमारतीतले संडास धुणाऱ्यांची.