सुप्याची खबर सुप्यातच

माझी पहिली बातमी सुप्याहून पुण्याला एसटीने गेली. फुलस्केपची दोन पानं, वर खाकी पाकीट, आणि पाकीट घेणाऱ्या कंडक्टरला एक कट चहा. बातमी टँकरची होती. बारामती तालुका म्हटलं की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस येतो. पण आमचा हा जिराईत पट्टा, जनाई-शिरसाईचं पाणी कधी सुटणार याची वाट बघत बसणारा. चार दिवसांनी बातमी तीन ओळींत छापून आली. पुण्यातल्या कुणा साहेबाने ती वाचली असेल किंवा योगायोग असेल, पण आठवड्यात टँकर आला. पुढं पंचवीस-तीस वर्षं मी सुप्याचा वार्ताहर होतो. खेड्यातला वार्ताहर म्हणजे अंक टाकणारा तोच, महिन्याची वसुली करणारा तोच आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाला जाहिरात मागायला जाणाराही तोच. सकाळी ज्याच्याकडून जाहिरात आणली त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी कशी लिहायची, हे मला कुणी शिकवलं नाही. मीही कुणाला विचारलं नाही.

हे सगळं उकरून काढायचं कारण माझी नात. ती पत्रकारिता शिकते आणि तिला अफगाणिस्तानातल्या माध्यमांवर टिपण लिहायचं होतं. वाचता वाचता मान वर न करता तिने विचारलं, "आबा, काबूलच्या खासगी रेडिओला बातम्या देता येत होत्या. मग आपल्या बारामतीच्या रेडिओवर का नसतात?"

मी आधी काबूलचं ऐकून घेतलं. तालिबानच्या पहिल्या राजवटीत तिथे टीव्हीवर बंदी होती आणि काबूल रेडिओचं नाव बदलून 'शरियतचा आवाज' केलं होतं. 2001 नंतर दार उघडलं. 2003 मध्ये 'अरमान' हे खासगी एफएम केंद्र सुरू झालं, 2004 मध्ये 'तोलो' वाहिनी आली आणि पुढे प्रांताप्रांतात छोटी रेडिओ केंद्रं निघाली. दारीत म्हणजे तिथल्या फारसीत, पश्तूत, आपल्या खोऱ्याची बातमी आपल्या बोलीत सांगणारी. त्यात परदेशी पैसा भरपूर होता, हे नातीने टिपणात प्रामाणिकपणे लिहिलं आहे. ऑगस्ट 2021 मध्ये तालिबान परत आलं आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर 543 माध्यमसंस्थांपैकी 231 बंद पडल्या होत्या. हा आकडा 'रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या पाहणीतला. पत्रकार बायकांमधल्या दहातल्या आठ घरी बसल्या. सत्तेला पहिली धास्ती कशाची वाटली, हे यातून कळतं.

फारसीचं आणि आपलं नातं तसं घरचंच. खबर, कागद, दप्तर, बाजार, दस्तऐवज हे शब्द फारसीच्याच वाटेने मराठीत आले. इराणात पहिलं छापील वर्तमानपत्र 1837 मध्ये निघालं; त्याच्या पाच वर्षं आधी, 1832 मध्ये, बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' काढलं होतं. फारसीतला पहिला बोलपट 'दुख्तर-ए-लोर' 1933 चा, आणि तो तयार झाला मुंबईत, 'आलम आरा' काढणाऱ्या अर्देशिर इराणींच्या कंपनीत. हे इराणी जन्माने पुण्याचे. म्हणजे एके काळी या बाबतीत आपण देणारे होतो.

आता नातीचा प्रश्न. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची 'वसुंधरा वाहिनी' आहे, 90.4 वर. शेती, आरोग्य, गाणी, महिलांच्या मुलाखती, सगळं असतं. बातम्या नसतात, कारण कायद्याने देता येत नाहीत. सामुदायिक रेडिओचं धोरण 2006 मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांसाठी खुलं झालं, पण त्यात स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींना मनाई आहे. शिवाय ताकद फक्त 100 वॉटची, त्यामुळे बारामतीचं केंद्र सुप्यात माझ्या सेटवर नुसतं खरखरतं. मोठ्या शहरांतल्या खासगी एफएमलाही आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं ऐकवण्यापलीकडे मुभा नाही. मात्र हवामान, वाहतूक, पाणी आणि विजेच्या सूचना यांना सरकार बातमी मानत नाही. म्हणजे टँकर उद्या येणार आहे, हे एफएमवाल्याने सांगितलं तर चालतं. तो काल का आला नाही, हे विचारलं की ती चालू घडामोड झाली.

टीव्हीवर मात्र शेकडो खासगी वृत्तवाहिन्या रात्रंदिवस भांडतात, त्यांना परवानगी आहे. वर्तमानपत्र कुणीही काढू शकतो. नेवासा तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून मुकुंदराव पाटलांनी 1910 पासून 1967 पर्यंत 'दीनमित्र' चालवला. इंग्रज सरकारला तो खपला. आणि स्वतंत्र भारताला खेड्यातला शंभर वॉटचा बातमीदार खपत नाही! 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रात, रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सांगितलं. मालमत्ता आमची, पण तिच्यावर आम्ही फक्त गाणी वाजवायची.

अफवा पसरतील, दंगे होतील, अशी भीती घालतात. दंग्याचं सुप्याला कुणी सांगू नये. 12 मे 1875, बुधवार, बाजाराचा दिवस. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं. कर्ज गळ्याशी आलेले कुणबी बाजारात जमले, सावकारांकडे वह्या आणि रोखे मागितले आणि हाती आलेले कागद चौकात पेटवले. 'दख्खनचे दंगे' म्हणून इतिहासाच्या पुस्तकात जे येतं ते इथून सुरू झालं आणि पुढे पुणे-नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पसरलं. तेव्हा रेडिओ कुठला आणि खेड्यात छापील अक्षर वाचणारे तरी किती! खबर गेली ती बाजारातून, सोयऱ्याधायऱ्यांकडून, बैलगाडीतून. पुण्यात 'ज्ञानप्रकाश' 1849 पासून निघत होता, पण कुणब्याची तक्रार लंडनच्या पार्लमेंटपर्यंत जायला आधी कागद जळावे लागले. मग चौकशी आयोग बसला, 1878 मध्ये त्याचा अहवाल पार्लमेंटपुढे गेला आणि 1879 मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला.

आणि 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला काय झालं? तोही आठवडे बाजारच. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती आणि भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. ती अफवा कुठल्या परवानाधारक रेडिओने सांगितली नव्हती. उलट गावाच्या ओळखीच्या आवाजात, "टोळी वगैरे काही नाही, पोलीस ठाण्यातून विचारून घेतलंय," असं सांगणारं केंद्र त्या भागात असतं तर? वाचले असते असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण आज व्हॉट्सॲपच्या ग्रुपला पत्ता नाही, संपादक नाही, आणि ज्याला पत्ता आहे, परवाना आहे, जाब विचारायला खुर्चीत बसलेला माणूस आहे, त्याचंच तोंड आपण बांधून ठेवलंय.

वर्तमानपत्रं आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत, आणि आधीपेक्षा जास्त पानं आहेत. पण जिल्ह्याची आवृत्ती निघाली, मग तालुक्याचं पान निघालं, आणि सुप्याची बातमी फोटोसकट चार कॉलमांत यायला लागली. आम्ही हरखलो. बऱ्याच वर्षांनी माझ्या ध्यानात आलं की ही बातमी आता पुण्यात कुणी वाचतच नाही, कारण पुण्याच्या अंकात ती नसते. माझ्या त्या तीन ओळी पुण्याच्या साहेबाच्या टेबलावर पडत होत्या. आता चार कॉलम आमचे आम्हीच वाचतो आणि कापून देव्हाऱ्याशेजारी चिकटवतो.

म्हणून मला 1956 सालच्या एका प्रयोगाची फार आठवण येते. पुणे आकाशवाणी तेव्हा तीन वर्षांचीही झाली नव्हती. युनेस्कोच्या मदतीने तिने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळं बसवली. आठवड्यातून दोन संध्याकाळी पंधरा-वीस माणसं रेडिओभोवती बसायची, अर्धा तास ऐकायची, मग त्यावर वाद घालायची आणि त्यांच्या शंका नि तक्रारी पुण्याला लिहून पाठवल्या जायच्या. उत्तरं पुन्हा रेडिओवर यायची. असे वीस कार्यक्रम झाले, टाटा समाजविज्ञान संस्थेने त्यांचा अभ्यास केला आणि पुढे ती कल्पना देशभर नेली गेली. गाव ऐकतंही आहे आणि बोलतंही आहे, अशी ती दहा आठवड्यांची गोष्ट. नंतर संच वाढले, वाहिन्या वाढल्या, परतीचं टपाल मात्र आटलं.

माझं म्हणणं लांबलचक नाही. सामुदायिक रेडिओवरची बातम्यांची मनाई काढा. आकाशवाणीचं बातमीपत्र लावायची मेहेरबानी नको. आमच्या बाजाराची, ग्रामसभेची, टँकरची बातमी आमच्या पोरांना गोळा करू द्या. चुकली तर वर्तमानपत्राला जो बदनामीचा कायदा लागतो तोच लावा. तालिबानने केंद्रं बंद पाडली हे वाचून आपण हळहळतो. आपल्याकडे बंद पाडायला ती आधी सुरू तर व्हायला हवीत.

नातीने टिपण पूर्ण केलं. शेवटी तिने सुप्यावर दोन परिच्छेद जोडले होते. मी विचारलं, अफगाणिस्तानच्या टिपणात सुपे कशाला? म्हणाली, "आबा, मास्तरांनी तुलना करा म्हणून सांगितलंय." तेवढ्यात ग्रामपंचायतीचा भोंगा वाजला. वरच्या आळीला पाणी उद्या सकाळी सहा वाजता सुटणार होतं. खालच्या आळीला कधी, ते भोंगा बोलला नाही.