तिकीट फुकट, पायरी मात्र महाग

दिंडोरीच्या एखाद्या कुटुंबाने वृद्ध आईसह एका दिवसाची सहल ठरवली, असे समजू. सकाळी रामशेज, दुपारी नाशिक शहर, दिवेलागणीला घरी. आईचे आयुष्य द्राक्षबागेत राबण्यात गेले. आता शंभर पावलांपुढे गुडघे साथ देत नाहीत. नकाशावर ही सहल किरकोळ दिसते. परंतु ज्याचे चालणे थकले आहे त्याचे अंतर किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. ते पायऱ्या, कठडा, बसण्याची जागा आणि स्वच्छतागृह यांत मोजावे लागते. आणि नेमकी हीच मोजमापे सहसा कोठे लिहिलेली नसतात.

पैसेवाल्याच्या दृष्टीने हा प्रश्न सोपा आहे. मोटार करावी, आशेवाडीपर्यंत जावे. मुलांनी गड चढावा, आईने पायथ्याच्या सावलीत बसून १६८२ पासून काही वर्षे मोगली फौजेला दाद न देणारा तो कडा पाहावा. मग शहरात पंचवटीपर्यंत गाडी न्यावी. दिवसात एकच चढाचे ठिकाण, मध्ये विश्रांती, ऊन चढण्याआधी निघणे, एवढी पथ्ये पाळली की सहल सुखाची होते.

मजुराच्या कुटुंबाला मात्र एस. टी. हाच आधार. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना २०२२ पासून राज्यात एस. टी.चा प्रवास मोफत आहे. निर्णय स्वागतार्हच, पण मोटारीची पहिली पायरी गुडघ्याच्या उंचीवर असेल तर त्या सवलतीचा लाभ धडधाकट म्हाताऱ्यालाच मिळतो. तिकीट फुकट आणि पायरी महाग, असा हा व्यवहार आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर शासनाने भाडे माफ केले, परंतु प्रवासाचा खरा खर्च दुबळ्या शरीरावरच ठेवला.

यावर उपाय म्हणून प्रत्येक गडावर रज्जुमार्ग हवा काय? मुळीच नाही. रायगडावर १९९६ पासून रज्जुमार्ग आहे. सप्तशृंगीला घाटरस्त्याने गडावर गाडी जाते आणि पुढच्या सुमारे पाचशे पायऱ्यांना २०१८ पासून ट्रॉलीचा पर्याय मिळाला आहे. भाविकांच्या गर्दीच्या ठिकाणी हे योग्यच. परंतु दुर्गमता हाच दुर्गाचा प्राण असतो. २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत याच जिल्ह्यातील साल्हेर आहे; तेथील कातळ फोडून सोय करा, असे कोणी म्हणणार नाही. माथा सर्वांना गाठता येणार नाही, हे मान्य करावे. पायथा, बसस्थानक आणि शहर मात्र सर्वांना गाठता आलेच पाहिजे.

कायदाही हेच सांगतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्याचे नियम २०१७ चे. सार्वजनिक इमारती सुगम करण्याची पाच वर्षांची मुदत २०२२ मध्ये सरली. सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक हवेत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये बजावले. बागेत झिजलेल्या गुडघ्यांना कदाचित दिव्यांगत्वाचा दाखला मिळणार नाही. पण पायऱ्यांशेजारी बांधलेला उतार कोणाकडे दाखला मागत नाही.

१९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह झाला. डॉ. आंबेडकरांच्या त्या लढ्यातील अग्रणी दादासाहेब गायकवाड हे दिंडोरी तालुक्यात जन्मलेले. जातीने लादलेल्या बहिष्काराशी पायरीच्या अडथळ्याची बरोबरी करणे हा त्या लढ्याचा अवमान ठरेल. तरीही सार्वजनिक जागा खरोखर सर्वांची आहे काय, हा त्या सत्याग्रहाने विचारलेला प्रश्न आजही संपलेला नाही.

सिंहस्थाच्या निमित्ताने नाशिकमध्ये रस्ते आणि घाटांची कामे निघाली आहेत. कार्यकर्त्यांनी अशा वेळी केवळ निवेदने देऊन थांबू नये. आपल्या तालुक्यातील बसस्थानकाच्या, तहसील कचेरीच्या, गडाच्या पायथ्याच्या पायऱ्या मोजाव्यात. कठडा, बाक, स्वच्छतागृह आहे की नाही याची यादी करावी. ती फलकावर लावण्याचा आग्रह ग्रामपंचायतीकडे धरावा. या कामाला मोठा निधी लागत नाही. एक वही, एक टेप आणि सोबत एक थकलेला माणूस पुरे. त्याच्या पावलांनी चालून पाहिले, की विकासाच्या योजनेत काय राहून गेले ते आपोआप कळेल.