रात्री दीडला आलेल्या वायरमनची मजुरी कोण ठरवणार?

गेल्या पावसाळ्यात घाटकोपरला आमच्या अभ्यासवर्गातल्या एका ताईंच्या घरची वीज रात्री साडेबाराला गेली. घर एसआरएच्या इमारतीत, पाचव्या मजल्यावर. सासरे वर्षभर अंथरुणाला खिळलेले, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून विजेवर चालणारी हवेची गादी. गादीतली हवा उतरायला लागली तशी ताईंनी जिन्यातल्या स्टिकरवरचा ‘२४ तास इलेक्ट्रिशियन’चा नंबर फिरवला. माणूस दीड वाजता आला. बोर्ड उघडला, ‘आरसीसीबी गेली’ म्हणाला, नवी बसवली, ४,५०० रुपये घेतले आणि गेला. पावती नाही. काढलेला जुना भागही सोबत घेऊन गेला.

चार दिवसांनी जोराचा पाऊस आला आणि पुन्हा तेच. या वेळी ताईंनी आमच्यातल्याच एका मुलाला फोन केला. मुलुंडच्या आयटीआयतून वीजतंत्रीचा कोर्स केलेला, दिवसा एका ॲपसाठी काम करणारा. त्याने सगळे एमसीबी खाली पाडले, मग एकेक वर करत गेला. वीस मिनिटांत फॉल्ट सापडला. गॅलरीत वॉशिंग मशीनसाठी काढलेल्या सॉकेटमध्ये पावसाचे पाणी शिरत होते. म्हणजे पहिल्या रात्री आरसीसीबी बिघडलीच नव्हती, ती आपले काम करत होती. मुलाने ते सॉकेट काढून टाकले, वायरी बंद केल्या. ताईंनी शंभराची नोट पुढे केली, “आपलाच आहेस रे” म्हणाल्या आणि चहा दिला. तो काही बोलला नाही.

पहिल्याने लुटले हे सगळ्यांना दिसले. दुसऱ्याला आपण लुटले हे दिसायला मात्र आम्हालाही बरेच दिवस लागले. आमचे म्हणणे असे आहे की या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे. या कामाला ठरलेला, लिहिलेला दर नाही. जिथे दर नाही तिथे अडलेल्याला नाडले जाते आणि ओळखीच्याला फुकट राबवले जाते.

रिक्षाचेच बघा. अंधेरी स्टेशनला मध्यरात्रीनंतर उतरलात तर रिक्षाला सव्वापट भाडे द्यावे लागते, पहाटे पाचपर्यंत. त्यावर कुणी कुरकुर करत नाही, कारण तो दर सरकारने ठरवलेला आहे. रिक्षावाल्यालाही माहीत, प्रवाशालाही माहीत. वायरमन त्याच रात्री, त्याच रस्त्याने येतो. लोकल बंद झालेली असते, त्याला येताना रिक्षा करावी लागते, ओल्या बोर्डात हात घालायचा असतो. त्याचा दर मात्र दार उघडल्यावर, घरातल्या माणसांचे चेहरे पाहून ठरतो.

आता आधी एक गोष्ट आपल्या लोकांनी पाठ करावी, कारण तिथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. मीटरपर्यंतची वीज वितरण कंपनीची जबाबदारी आहे, मीटरच्या पुढची तुमची किंवा सोसायटीची. मुलुंड-भांडुपला महावितरण, अंधेरी-बोरिवली-घाटकोपरला मुख्यतः अदानी (आधीची रिलायन्स, त्याआधीची बीएसईएस), काही घरांना टाटा पॉवर. बिलावर नाव असते. शेजाऱ्यांकडेही अंधार असेल, मीटरवरचा दिवा विझलेला असेल, किंवा पंखे अचानक भन्नाट फिरून दिवे लख्ख झाले असतील, तर वायरमन शोधू नका. मेन बंद करा आणि कंपनीला फोन करा. महावितरणला १९१२, अदानीला १९१२२, टाटाला १९१२३. कंपनीच्या बाजूचा फ्यूज गेला तर तो बदलून देणे हे तिचे काम आहे, त्याची वेगळी मजुरी नसते. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या नियमांत अशा तक्रारी किती वेळात सोडवायच्या हे ठरवून दिलेले आहे आणि मुदत पाळली नाही तर ग्राहकाला भरपाईही आहे. तक्रार क्रमांक लिहून घेतला नाही तर मात्र या हक्काचा उपयोग शून्य. आमच्या वस्त्यांत लोक मोर्चाला येतात, पण तक्रार क्रमांक लिहून घेत नाहीत. हे आम्ही स्वतःलाही धरून म्हणतो आहोत.

वीज फक्त तुमच्याच घरातली गेली असेल तर बोर्डाकडे जा. जळका वास, ठिणगी किंवा भिंतीला ओल असेल तर हात लावू नका, मेन बंद करून थांबा. तसे काही नसेल तर त्या मुलाने केले तेच करा. सगळे खाली, मग एकेक वर. ज्या एमसीबीला मेन पुन्हा पडतो तो खालीच ठेवा आणि बाकीचे घर चालू करा. ताईंच्या घरी हे पहिल्या रात्री झाले असते तर गादी लगेच फुगली असती आणि वायरमन सकाळी, दिवसाच्या दराने आला असता. तातडीच्या खर्चातला मोठा हिस्सा दुरुस्तीचा नसतोच, तो घाबरण्याचा असतो.

बिल कशाचे होते तेही समजून घ्या. येण्याचे पैसे, कामाचे पैसे, सामानाचे पैसे. हे तीन आकडे फोनवरच वेगवेगळे विचारायचे. साधा एमसीबी दुकानात साधारण दोनशे-तीनशेला मिळतो, घरगुती आरसीसीबी दीड-दोन हजारांच्या आसपास. रात्री दुकाने बंद असतात, त्यामुळे वायरमन स्वतःजवळचे सामान थोडे चढवून लावणार हे आम्हाला मान्य आहे. पण काढलेला भाग तुमच्या हातात द्यायचा आणि कागदावर लिहून द्यायचे, एवढे मागण्यात लाज कसली? दिवा, स्विच, फ्यूज बदलणे वेगळे. पूर्ण वायरिंग बदलायचे किंवा लोड वाढवायचा असेल तर परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचे, हा नियम आहे आणि तो जीव वाचवणारा आहे.

इथवर सगळे ग्राहकाच्या बाजूने झाले. आता दुसरी बाजू, जी बोलताना आपल्या बैठकीत लोक खाली बघायला लागतात.

बारा बलुतेदारांत वायरमन नाही. वीज गावगाड्यात नव्हतीच, त्यामुळे हा धंदा कुणाच्या जातीला चिकटून आला नाही. आयटीआयच्या दारात अर्ज भरायचा, शिकायचे, टेस्टर खिशाला लावायचा. म्हणून तर आपली शेकडो मुले या कामात आहेत. पण धंदा नवा आला तरी सवय जुनीच राहिली. महार वतन काय होते? गावाने हाक मारली की रात्री-बेरात्री हजर व्हायचे, वेळेला बंधन नाही, कामाला हद्द नाही आणि मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच अवस्थेविरुद्ध. वतन कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. मग रात्री अकराला फोन करून “जरा ये रे, बघून जा” म्हणणारे आणि काम झाल्यावर चहावर भागवणारे आपण कोण? हाकेवर हजर, मोबदला मर्जीवर. फरक इतकाच की हाक आता मोबाईलवर येते.

चौदा एप्रिलचेच घ्या. वस्तीभर रोषणाई, कमान, डीजे. डीजेवाल्याला ॲडव्हान्स, मंडपवाल्याला ॲडव्हान्स, बॅनरवाल्याला रोख. लाइट जोडणारा पोरगा मात्र ‘आपला’. तो तीन रात्री शिडीवर, कुठूनतरी ओढलेल्या कनेक्शनवर, हातमोजे न घालता. हिशेबाच्या वहीत त्याच्या नावासमोर ‘सेवा’ लिहिलेले आम्ही पाहिले आहे. ज्या महामानवाच्या जयंतीसाठी हे चालते तो माणूस १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होता आणि वीज हा त्याच खात्याचा विषय होता! ऑक्टोबर १९४३ मध्ये वीज धोरण समितीच्या अध्यक्षपदावरून त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे, ती खासगी हाती असावी की सरकारच्या, हा प्रश्न देशाच्या दारिद्र्याशी जोडून मांडला. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली उभे राहिले. त्यांच्याच मजूर खात्यात १९४५ मध्ये पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय सुरू झाले, त्याच यंत्रणेतून पुढे १९५० पासून आयटीआयची योजना आली. म्हणजे वीजही बाबासाहेबांचा विषय आणि वीजतंत्री घडवणारी व्यवस्थाही त्यांच्याच खात्याच्या वाटेवरची. त्यांच्या जयंतीत त्या वीजतंत्र्याची मजुरी बुडवणे याला सेवा म्हणायचे की काय म्हणायचे, ते मंडळांनी ठरवावे.

‘मग ॲपवरून बोलवा, तिथे दर लिहिलेला असतो’ असे काही तरुण म्हणतात. खरे आहे, दर दिसतो. तेवढा फायदा आम्ही नाकारत नाही. पण त्या दरातले मुलाच्या हाती किती पडतात ते दिसत नाही. कमिशन, रेटिंग, काम नाकारले तर पुढची कामे कमी. तो ‘पार्टनर’ म्हणवला जातो, पण दर ठरवताना त्याला कुणी विचारत नाही. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये गिग कामगार हा शब्द कायद्यात आला, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम या कामगारांच्या सुरक्षा निधीसाठी द्यावी अशी तरतूद आली. संहिता लागू व्हायला नोव्हेंबर २०२५ उजाडला. ई-श्रम पोर्टलवर आपल्या वस्तीतल्या किती मुलांची नोंदणी आहे हे शाखांनी विचारले आहे का? आम्ही आमच्याकडे विचारले, बहुतेकांची नव्हती. आमच्याच शाखेची ही गत.

आणि हा प्रश्न नुसता पैशांचा नाही. ६ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे चेंबूरच्या सिद्धार्थ कॉलनीत तळमजल्यावरच्या दुकानात आग लागली आणि वर झोपलेले एकाच कुटुंबातले सात जण गेले. खाली दुकान, वर संसार, मधे एक जिना. अशी घरे आपल्या प्रत्येक वस्तीत आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांत वीस वर्षांपूर्वी पंखा-ट्यूबलाइटसाठी टाकलेल्या वायरीवर आज फ्रिज, गिझर, इंडक्शन, एसी चालतो. रात्रीचा वायरमन महाग पडतो म्हणून लोक गरम होणाऱ्या बोर्डाकडे महिनोन् महिने दुर्लक्ष करतात. एसआरए इमारतींत तर मीटर रूमची चावी कुणाकडे आहे हेच अनेकदा माहीत नसते. देखभालीसाठी विकासकाने दर घरामागे ठेव ठेवायची असते, पूर्वी ती २० हजार होती, पुढे वाढवली. तिचे व्याज कुठे जाते हे सोसायटीच्या सभेत विचारा. पावसाळ्याआधी मीटर रूम, अर्थिंग आणि जिन्यातल्या वायरी एकदा तपासून घ्यायला ते व्याज वापरता येते.

आम्ही घाटकोपरच्या त्या इमारतीत एवढेच केले. वस्तीतल्या सहा वीजतंत्री-तारतंत्री मुलांना बसवले आणि दर त्यांनाच विचारला. आधी कुणी आकडा बोलेना. ‘द्याल ते’ म्हणत राहिले, वतनाची भाषा किती खोल गेली आहे ते तिथे कळले. शेवटी ठरले ते असे: दिवसा येण्याचे २००, रात्री अकरा ते सकाळी सहा ४००, पहिल्या अर्ध्या तासाचे काम त्यातच, पुढे दर तासाला २५०, सामान दुकानाच्या पावतीप्रमाणे, जुना भाग घरमालकाकडे. घरात आजारी माणूस आणि हातात पैसे नाहीत, अशा घरी मुलाने थांबायचे नाही, त्याचे पैसे वस्तीच्या निधीतून. जयंतीच्या लाइटचेही याच दराने, आणि हातमोजे मंडळाने घ्यायचे. कागद विहाराच्या फळ्यावर आणि प्रत्येक जिन्यात लावला आहे, स्टिकरच्या शेजारीच.

ताईंनी त्या मुलाला राहिलेले ३०० रुपये नेऊन दिले. त्याने घेतले, हे महत्त्वाचे.

एका मुद्द्यावर अजून भांडण आहे. फॉल्ट सापडला नाही तर येण्याचे पैसे द्यायचे की नाही? ज्येष्ठ मंडळी म्हणतात, काम नाही तर दाम नाही. आमचे मत द्यायचे असे आहे, कारण माणूस रात्री उठून आला तो वेळ त्याचाच होता. पुढच्या रविवारी सकाळी १० वाजता विहारात यावर पुन्हा बसणार आहोत. बोरिवली, अंधेरी, मुलुंडच्या साथींनी आपापल्या वस्तीत सध्या रात्रीचे किती घेतात आणि मुलांच्या हाती किती पडतात, हे लिहून आणावे. मुलांनाही सोबत आणावे.

जय भीम.